आशीर्वाद खाणीचा, खिसा कुणाचा?

‘डॉलर’ हा शब्द जिथे जन्मला त्या डोंगरांत, चांदीच्या एका नाण्याचा माग काढत केलेली हिवाळी भटकंती...

डॉलर! या शब्दावर आपल्या पिढीचं किती प्रेम आहे ते वेगळं सांगायला नको. ऑनसाइटला गेलेला मित्र डॉलरमध्ये कमावतो म्हणून आपण त्याच्यावर मनातल्या मनात जळतो. रुपया डॉलरपुढे आज किती घसरला याची बातमी चहाबरोबर घेतो. पण गंमत म्हणजे हा शब्द मुळात अमेरिकन नाहीच. तो जर्मन आहे. आणि त्याचा जन्म कुठल्या बँकेत झालेला नाही, एका डोंगरातल्या खाणीत झालेला आहे.

जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवर एक लांबच लांब डोंगररांग पसरली आहे. तिचं जर्मन नाव एर्त्सगेबिर्ग, म्हणजे सरळसोट ‘खनिजांचे डोंगर’. १५१६ मध्ये या रांगेतल्या एका दरीत चांदी सापडली. ती जागा आज चेक बाजूला आहे. दरीचं नाव पडलं योआखिम्सटाल, म्हणजे योआखिमची दरी. तिथले सरदार श्लिक घराण्यातले. त्यांनी १५२० च्या सुमारास त्या चांदीची मोठी, जाडजूड नाणी पाडायला सुरुवात केली. लोक त्या नाण्याला ‘योआखिम्सटालर’ म्हणू लागले. एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार? मग उरलं नुसतं शेपूट, ‘टालर’. हॉलंडमध्ये त्याचं ‘डालर’ झालं, इंग्रजीत ‘डॉलर’. जर्मनमध्ये ‘टाल’ म्हणजे दरी. थोडक्यात, ज्या डॉलरसाठी आपण जिवाचं रान करतो त्याचा शब्दशः अर्थ आहे ‘दरीतला’!

एक नाणं तळहातावर

माझी एक कॉलेजमैत्रीण ड्रेस्डेनमध्ये चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. डिसेंबरमध्ये तिच्याकडे काही दिवस राहण्याचा योग आला. ती ऑफिसला गेली की मी आपली शहरभर फिरत असायचे. अशाच एका दुपारी जुन्या नाण्यांच्या एका छोट्याशा दुकानात शिरले. खरं तर थंडी असह्य झाली होती म्हणून शिरले. दुकानदार आजोबांना माझ्याकडून फारसा धंदा होणार नाही हे पहिल्या मिनिटातच कळलं असावं. तरी त्यांनी काचेखालचं एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं.

नाणं जड होतं. साडेअठरा ग्रॅम, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या दोन नाण्यांहूनही जास्त. एका बाजूला सॅक्सनीचा राजा योहान. याची कारकीर्द १८५४ ते १८७३. दुसऱ्या बाजूला राज्याची मुकुटवाली ढाल आणि ती दोन्हीकडून धरून उभे असलेले, खाणीच्या गणवेशातले दोघे जण. भोवती अक्षरं होती, ‘सेगन डेस बर्गबाउस’. मराठीत सांगायचं तर ‘खाणकामाचा आशीर्वाद’.

या प्रकारच्या नाण्याला जर्मनमध्ये आउसबॉयटेटालर म्हणतात. ‘आउसबॉयटे’ म्हणजे खाणीतून निघालेलं उत्पन्न, नफा. इतर चांदीची नाणी कुठल्याही चांदीची पाडली जात. जुनी नाणी वितळवून, भांडी वितळवून, कशीही. हे नाणं मात्र त्या मुलखातल्या खाणीतून निघालेल्या चांदीचंच असायचं आणि तसं ते तोंडाने सांगायचं. प्रशियाच्या अशा नाण्यांवर ‘मान्सफेल्डच्या खाणकामाचा आशीर्वाद’ असं लिहिलेलं असे. हॅनोव्हरच्या नाण्यांवर ‘हार्त्स डोंगरांचा खाण-आशीर्वाद’. आजच्या भाषेत, ‘आमची कुठेही शाखा नाही’ असं अभिमानाने सांगणारं नाणं!

राजाचा चेहरा एका बाजूला, कामगार दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये आशीर्वाद. मला प्रश्न पडला तो साधाच होता. हा आशीर्वाद नक्की मिळाला कुणाला? उत्तर शोधायला जिथून चांदी आली तिथेच जाणं भाग होतं. मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, फ्रायबर्ग इथून ट्रेनने पाऊण तासही नाही. शनिवारी मीही येते.’’

चाकाच्या चाकोरीतली चांदी

ड्रेस्डेन सोडलं की गाडी झाडीतून हळूहळू चढायला लागते. फ्रायबर्गला उतरलो तेव्हा रस्ते बर्फाने पांढरे झाले होते आणि दुपारी चारलाच अंधारून आलं होतं. पण प्रत्येक खिडकीत दिवे! लाकडी कमानीवर ओळीने लावलेल्या मेणबत्त्या, आणि त्यांच्या शेजारी लाकडाच्या दोन बाहुल्या, एक देवदूत आणि एक खाणकामगार. दोघांच्याही हातात दिवा. हिवाळ्यात कामगार अंधारात खाणीत उतरायचा आणि वर यायचा तेव्हाही अंधारच. अशा माणसांच्या गावात खिडकीतल्या दिव्याला काय किंमत असेल, ते डिसेंबरमध्ये इथे उभं राहिल्यावर कळतं.

गावाची जन्मकथा अगदी सिनेमातल्यासारखी आहे. सन ११६८. इथे तेव्हा क्रिस्टियान्सडॉर्फ नावाचं खेडं होतं. मिठाच्या गाड्या घेऊन बोहेमियाकडे निघालेल्या व्यापाऱ्यांना चाकाच्या चाकोरीत एक चमकणारा जड दगड दिसला. त्यांनी तो हार्त्स डोंगरातल्या गोसलारला नेऊन तपासून घेतला, तर त्यात चांदी! ही झाली दंतकथा. पण चांदी ११६८ मध्ये सापडली आणि तिच्यामागे माणसांची झुंबड उडाली हा इतिहास आहे. इथला मुलूख होता माइसनचा सरदार ओटो याचा. चांदीने त्याचं नावच बदललं. इतिहास त्याला ‘श्रीमंत ओटो’ म्हणून ओळखतो. गावातल्या मुख्य चौकात कारंज्यावर त्याचा पुतळा उभा आहे.

गावाचं नाव मात्र त्याच्या श्रीमंतीवरून पडलेलं नाही. फ्रायबर्ग म्हणजे ‘मोकळा डोंगर’. ज्याला खनिज शोधायचंय त्याने यावं आणि खणावं, अशी सूट इथे दिलेली होती. अर्थात सूट खणायची होती, चांदी घरी न्यायची नव्हे! उत्पन्नातला दहावा हिस्सा राज्यकर्त्याचा. उरलेली चांदी त्याच्याच टाकसाळीला, त्यानेच ठरवलेल्या भावाने विकायची. म्हणजे खाणीत कुणाचंही नशीब उघडो वा न उघडो, राजवाड्याचं मीटर सुरूच. फ्रायबर्गची टाकसाळ १५५६ पर्यंत गावात होती. मग सॅक्सनीच्या राज्यकर्त्याने ती ड्रेस्डेनला स्वतःच्या नजरेखाली हलवली. हेड ऑफिस शेवटी हेड ऑफिसच!

दीडशे मीटर खाली

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ‘रायशे त्सेखे’ या खाणीवर पोचलो. नावाचा अर्थ ‘श्रीमंत खाण’. ही आता फ्रायबर्गच्या खाण विद्यापीठाची शिकण्याची आणि संशोधनाची खाण आहे आणि पर्यटकांनाही खाली नेते. अंगावर ओव्हरऑल, डोक्याला हेल्मेट, कमरेला दिवा. मग लोखंडी पिंजऱ्यात दाटीवाटीने उभं राहायचं आणि थेट १५० मीटर खाली. इथे एकमेकांना भेटल्यावर ‘हॅलो’ म्हणत नाहीत, ‘ग्ल्युक आउफ’ म्हणतात. खाणवाल्यांचा हा जुना रामराम. चांदीची शीर उघडू दे आणि तू सुखरूप वर ये, अशी दोन्ही अर्थांची शुभेच्छा त्यात येते.

खाली बर्फ नाही, वारा नाही. बाराही महिने सारखाच गारवा आणि टपटपणारं पाणी. आधुनिक बोगद्यातून चालता चालता बाजूला अचानक जुना बोगदा लागतो आणि आपण गप्प होतो. माणूस जेमतेम वाकून जाईल एवढीच रुंदी. भिंतींवर छिन्नीचे ओरखडे, एकाखाली एक, हजारो. डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात हातोडी, एवढ्यावर हे सगळं कोरलेलं आहे. दगड इतका कठीण की एका पाळीत काही सेंटीमीटर पुढे सरकलं तरी मिळवलं. एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे ही जी खाणीची खूण आपण नकाशात बघतो, ती याच हत्यारांची.

आणि ‘पाळी’ हा शब्द इथे नवा नाही बरं का! गेओर्ग अॅग्रिकोला नावाचा डॉक्टर योआखिम्सटालमध्ये राहून गेला होता. खाणकामावरचं त्याचं मोठं लॅटिन पुस्तक १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी प्रसिद्ध झालं. त्यात तो दिवसाच्या तीन पाळ्यांचा हिशेब देतो, प्रत्येक पाळी सात तासांची. नाइट शिफ्ट करणाऱ्यांनी आपले पूर्वज ओळखून ठेवावेत. त्याच पुस्तकात त्याने कोरड्या खाणींतल्या धुळीबद्दलही लिहिलंय. ती फुप्फुसं कशी खाते, आणि कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींच्या गावांत एकामागून एक सात नवरे गमावलेल्या बायका कशा भेटतात, ते. फ्रायबर्गच्याच डोंगररांगेतल्या श्नेबर्ग गावात खाणकामगार छातीच्या एका विचित्र रोगाने मरत. १८७९ मध्ये दोन डॉक्टरांनी तो फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं दाखवून दिलं. दगडातल्या युरेनियमपासून तयार होणारा रेडॉन वायू त्याच्या मुळाशी होता, हे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी उलगडलं.

वर आल्यावर मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘आमच्या क्लीनरूममध्ये धुळीचा एक कण दिसला तरी आरडाओरडा होतो. पण तो चिपसाठी...’’

एकशे अठ्ठावीस भागीदार

मग नाण्यावरचा आशीर्वाद कुणाचा? त्याचं एक उत्तर ‘कुक्स’ या शब्दात आहे. कुक्स म्हणजे खाणीतला शेअर. खाण खोल गेली की एकट्यादुकट्याच्या ऐपतीबाहेर जायची. पाणी उपसायला यंत्रं, लाकूड, दोरखंड, घोडे सगळंच लागायचं. म्हणून खाणीचे हिस्से पाडून विकत. सोळाव्या शतकापासून साधारण १२८ हिस्से ठरून गेले. हिस्से घेणारे होते शहरातले व्यापारी, अधिकारी, सरदार. यातल्या बऱ्याच जणांनी खाण आतून कधी पाहिलीही नसेल.

खाणीला नफा झाला की कुक्समागे आउसबॉयटे मिळायचं, म्हणजे लाभांश. अशा वेळी त्याच खाणीच्या चांदीची खास नाणी पाडून ती वाटण्यात केवढा रुबाब! विशेषतः सतराव्या आणि अठराव्या शतकांत हार्त्स डोंगरांतल्या खाणींनी यात धमाल केली. लाउटेनटाल गावाच्या खाणीच्या नाण्यावर ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणारी बाई, कारण जर्मनमध्ये ल्यूटला ‘लाउटे’ म्हणतात. ‘पांढरा हंस’ नावाच्या खाणीच्या नाण्यावर पोहणारा हंस. ‘इंद्रधनुष्य’ खाणीच्या नाण्यावर चक्क इंद्रधनुष्य. कंपनीचा वार्षिक अहवाल, जाहिरात आणि लाभांश, सगळं एका चकतीत!

पण खाण तोट्यात गेली की उलटं व्हायचं. भागीदारांनाच आणखी पैसे ओतावे लागत. नाही ओतले तर हिस्सा जप्त. म्हणजे सगळाच आशीर्वाद नव्हता, थोडा जुगारही होता. ब्राउनश्वाइगचा ड्यूक युलियुस तर त्याच्याही पुढे गेला. हार्त्सच्या चांदीची भलीमोठी, एका टालरच्या कितीतरी पट वजनाची नाणी त्याने १५७४ पासून पाडून घेतली आणि प्रजेला हुकूम सोडला की ज्याची जशी ऐपत तसं नाणं प्रत्येकाने विकत घ्यायचं. खर्चायचं नाही, घरात जपून ठेवायचं आणि मागितलं की दाखवायचं. ड्यूकला गरज पडली तर चांदी प्रजेच्या घरात तयार! सक्तीची बचत म्हणतात ती हीच.

या सगळ्या उत्पन्न-खर्चाचा हिशेब कोण ठेवत होतं? तर आपल्यासारखाच एक ऑफिसवाला. त्याला भेटायला आम्ही केमनित्समार्गे अन्नाबर्गला गेलो. आडाम रीझ त्याचं नाव. १५२० च्या दशकात तो अन्नाबर्गला आला, खाण खात्यात हिशेबनीस झाला आणि फावल्या वेळात गणिताची शाळा चालवू लागला. तोपर्यंत जर्मन दुकानदार पाटीवर रेघा मारून, त्यावर चकत्या सरकवून हिशेब करत. रीझच्या पुस्तकाने सामान्य माणसाला कागदावर, पेनने, शून्यासकटच्या अंकांनी आकडेमोड करायला शिकवलं. हे अंक मूळचे आपले, भारतातून अरबांमार्फत तिकडे गेलेले. आजही हिशेब चोख आहे असं सांगायचं असेल तर जर्मन माणूस ‘आडाम रीझप्रमाणे’ असं म्हणतो. त्याच्या घराचं आता छान संग्रहालय झालंय. नाण्यावर राजा असतो, कामगारही असतो. अकाउंटंट मात्र कुठल्याच नाण्यावर नाही. चालायचंच!

अन्नाबर्गच्या सेंट अॅन चर्चमध्ये एक चीज आहे, ती बघितल्याशिवाय परत येऊ नका. एका वेदीच्या मागच्या बाजूला हान्स हेस्सेने १५२१ मध्ये रंगवलेली चित्रं. संत नाहीत, चमत्कार नाहीत. डोंगर खणणारी, दगड धुणारी, भट्टी लावणारी आणि शेवटी नाणी पाडणारी साधी माणसं. दगडापासून टालरपर्यंतची सगळी साखळी, देवाच्या पाठीमागे!

गणवेशाचे पैसे कापून

फ्रायबर्गच्या कॅथीड्रलमध्ये खाणकामगार आणखी एका कामाला जुंपलाय. तिथे १६३८ मधलं नक्षीदार व्यासपीठ आहे. पाद्री त्यावर उभं राहून प्रवचन द्यायचे. आणि ते व्यासपीठ तोलून धरलंय खाणकामगाराच्या मूर्तीने. नाण्यावर तो राज्याची ढाल धरतो, चर्चमध्ये प्रवचनकाराला पेलतो. शिल्पकाराने हे कौतुकानेच केलं असणार. पण दीडशे मीटर खाली जाऊन आल्यावर बघितलं की कौतुकाच्या जोडीला आणखीही काहीतरी दिसतं.

डिसेंबरमध्ये फ्रायबर्गला खाणकामगारांची मिरवणूकही निघते. काळे कोट, पांढऱ्या विजारी, उंच टोप्या, मागे बांधलेलं चामड्याचं बसकण, हातात मशाली आणि बॅण्ड. अंगावर काटा येतो! आपल्याकडच्या ढोलताशासारखं गाव रस्त्यावर उतरतं. या थाटामाटाला राजदरबारचा वारसा आहे. १७१९ मध्ये राजपुत्राच्या लग्नानिमित्त ऑगस्ट द स्ट्राँग या राजाने ड्रेस्डेनजवळ सुमारे १६०० खाण आणि भट्टी कामगारांची मशालींची मिरवणूक काढली होती, पाहुण्यांना आपली श्रीमंती दाखवायला. पुढे असा समारंभाचा गणवेश नियमाने ठरवला गेला, आणि तो कामगाराला स्वतःच्या पगारातून घ्यावा लागे. कंपनीच्या फॅमिली डेचा टी-शर्ट तुमच्याच पगारातून कापला तर कसं वाटेल? तसंच.

बर्लिनने भाव पाडला, मुंबईला फटका

मग हा आशीर्वाद संपला कसा? चांदी संपली म्हणून नाही. निर्णय बदलला म्हणून.

१८७१ मध्ये जर्मनी एक झाला. नव्या साम्राज्याने १८७१ आणि १८७३ च्या कायद्यांनी सोन्याचा मार्क स्वीकारला. चांदीचे जुने टालर सरकार गोळा करून वितळवू लागलं आणि ती चांदी बाजारात विकू लागलं. ही विक्री १८७९ पर्यंत चालली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या नेवाडाच्या खाणींतूनही चांदीचा पूर आला. लंडनमध्ये १८७१ ला औंसामागे ६० पेन्सच्या आसपास असलेला चांदीचा भाव १८९२ पर्यंत ४० च्या खाली आला. ज्या देशाच्या नाण्यावर ‘खाणकामाचा आशीर्वाद’ छापला जात होता, त्याच देशाने चांदीकडे पाठ फिरवली होती. फ्रायबर्गच्या खाणी तोट्यात गेल्या. १८८६ मध्ये सॅक्सनी सरकारने मोठ्या खाणी ताब्यात घेतल्या. १९१३ मध्ये चांदीच्या खाणी बंद झाल्या. पुढे १९३० च्या दशकात शिसं आणि जस्तासाठी काम पुन्हा सुरू झालं, तेही १९६९ मध्ये कायमचं थांबलं.

आता यात आपला काय संबंध? मोठा आहे! आपला रुपया तेव्हा चांदीचा होता. चांदी पडली की रुपयाही पडायचा. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग, म्हणजे २३-२४ पेन्स मिळत. १८९२-९३ मध्ये ते १५ पेन्सवर आलं. भारत सरकारला दरवर्षी लंडनला पौंडांत मोठी रक्कम पाठवावी लागे. तेवढ्याच पौंडांसाठी आता कितीतरी जास्त रुपये मोजावे लागत, आणि ते येणार करदात्यांच्या, म्हणजे शेवटी रयतेच्याच खिशातून. तोवर कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या फोर्टमधल्या टाकसाळीत जावं आणि ठरलेलं शुल्क देऊन रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. २६ जून १८९३ च्या कायद्याने मुंबई आणि कोलकाता या दोन्ही टाकसाळींचं हे दार लोकांसाठी बंद झालं. फ्रायबर्गचा खाणकामगार आणि आपल्याकडचा शेतकरी एकमेकांना कधी भेटणार नव्हते. पण चांदीच्या एकाच घसरणीने दोघांनाही गाठलं.

खाण मेली तरी गाव मात्र मेलं नाही, कारण १७६५ मध्ये इथे खाण अकादमी निघाली होती. आजच्या विद्यापीठाचं मूळ ते. तिथल्या क्लेमेन्स विंकलरने १८८६ मध्ये फ्रायबर्गजवळच्याच एका चांदीच्या खाणीतल्या खनिजातून नवं मूलद्रव्य शोधून काढलं. त्याला नाव दिलं जर्मेनियम. जगातला पहिला ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये बनला तो जर्मेनियमचाच. आज फ्रायबर्गमध्ये चिपसाठी लागणारे सिलिकॉन वेफर बनतात. ‘सगळं खाणीतूनच येतं’ अशी या डोंगरांत एक म्हण आहे. मैत्रिणीच्या नोकरीपर्यंतची साखळी बघितली तर ती खोटी म्हणता येणार नाही.

पेटीतला फेनिग

परतीच्या गाडीत नाण्याचा विचार पुन्हा आला. आशीर्वाद राजाला मिळाला, दहाव्या हिश्शाचा. भागीदारांना मिळाला, नशीब असेल तेव्हा. खणणाऱ्याला काय? साडेअठरा ग्रॅमचा झळझळीत टालर त्याच्या हाताला रोज लागणारी वस्तू नव्हती. त्याचा संसार चिल्लरवर चालायचा.

पण त्या चिल्लरीतूनच त्याने एक गोष्ट उभी केली, ती मला सगळ्या टालरांहून भारी वाटली. खाणकामगार आपल्या मजुरीतून एक फेनिग एका सामाईक पेटीत टाकायचे. त्याला नावच होतं ‘ब्युक्सेनफेनिग’, पेटीतला फेनिग. दरड कोसळून कुणाचा पाय गेला, कुणाची छाती भरली, कुणाची बायको विधवा झाली, तर त्या पेटीतून मदत. याची सर्वांत जुनी ओळखली जाणारी नोंद २८ डिसेंबर १२६० ची आहे. गोसलारच्या खाणीतल्या आजारी आणि गरीब कामगारांसाठीच्या बंधुसंघाला हिल्डेसहाइमच्या बिशपने दिलेलं ते आश्वासनपत्र. अन्नाबर्गची ती चित्रांची वेदीदेखील कामगारांच्या अशाच संघाने दिलेली. या संघांना ‘क्नापशाफ्ट’ म्हणतात, आणि ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. क्नापशाफ्ट हे नाव लावणारी सरकारी विमा-पेन्शन संस्था जर्मनीत आजही लाखो लोकांना सांभाळते आहे.

राजा गेला, टाकसाळ गेली, टालर १९०७ मध्ये चलनातून बाद झाला. ‘पांढऱ्या हंसा’चे भागीदार कोण होते ते कुणाला आठवत नाही. पेटी मात्र टिकली. त्यातल्या फेनिगवर ‘आशीर्वाद’ असं काही छापलेलं नव्हतं.

महिनाअखेरीला सॅलरी स्लिप उघडल्यावर पीएफच्या रकान्याकडे बघून आपण हमखास वैतागतो. यापुढे वैतागायच्या आधी मी निदान या पेटीची आठवण काढणार आहे.

कसं जाल?

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमानं आहेत. तिथून ड्रेस्डेन ट्रेनने चार-पाच तासांवर. बर्लिनहून सुमारे दोन तास. ड्रेस्डेनहून फ्रायबर्ग पाऊण तासाच्या आत. तिकीट काढताना स्पेलिंग नीट बघा. ब्लॅक फॉरेस्टजवळचं फ्रायबुर्ग वेगळं, ते देशाच्या दुसऱ्या टोकाला!

काय बघाल? फ्रायबर्गचं कॅथीड्रल (१७१४ चा सिल्बरमानचा ऑर्गन चुकवू नका), रायशे त्सेखे खाण, फ्रॉयडेनश्टाइन किल्ल्यातलं खनिजांचं भन्नाट प्रदर्शन ‘टेरा मिनरालिया’. अन्नाबर्गचं सेंट अॅन चर्च आणि आडाम रीझचं घर. जुनी नाणी बघायची असतील तर ड्रेस्डेनच्या राजवाड्यातलं नाणेसंग्रहालय. या डोंगररांगेतला खाणींचा मुलूख, चेक बाजूच्या योआखिम्सटालसह, २०१९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

काय लक्षात ठेवाल? खाणीची फेरी आधी बुक करा. पायात दणकट बूट आणि उन्हाळ्यातही अंगात स्वेटर हवा. बंद जागेची भीती वाटत असेल तर वर थांबून गरम ग्ल्यूवाइन प्या. आणि पिंजऱ्यात शिरताना ‘ग्ल्युक आउफ’ म्हणायला विसरू नका.